सगळ्यांना एकच नाव : ढालवाल्या ढेकण्यांचा इतिहास आणि आपली फवारणी



गौरी-गणपती उरकले की आमच्या वरवे बुद्रुकच्या शिवारात ढेकण्यांचे दिवस येतात. भात पोटरीत आलेला असतो, सोयाबीनच्या शेंगा भरायला लागतात, बांधावरचा पावटा वर चढलेला असतो. पानं उलटी करून बघितली की कुठं ना कुठं पाठीवर ढाल बांधल्यासारखा एखादा किडा दिसतोच. हात लावला की घाण वास. आपण त्याला म्हणतो ढेकण्या. हिरवा असला तरी ढेकण्या, तपकिरी असला तरी ढेकण्या, ठिपक्याठिपक्यांचा असला तरी ढेकण्याच. आणि ढेकण्या दिसला की हात पंपाकडं जातो.

माझाही गेला होता. काही वर्षांमागची गोष्ट. सोयाबीनमध्ये खांद्यावर दोन काटे असलेले तपकिरी किडे दिसले. एक मारून काडेपेटीत घातला आणि दुकानात नेऊन दाखवला. दुकानदार म्हणाला, "ढेकण्या आहे भाऊ, शेंगा चोखून घेईल, एक फवारणी काढा." काढली. किडे खाली पडले, मी खूश. दहा-बारा दिवसांनी बघतो तर पानांची चाळणी झालेली. पाने खाणारी अळी इतकी वाढली की दुसरी फवारणी केली, तिसरी केली. त्या हंगामात औषधाचा खर्च सोयाबीनच्या हिशोबात बसला नाही.

पुढं एका कृषी अधिकाऱ्यांना मोबाईलमधला फोटो दाखवला. ते हसले नाहीत, एवढंच म्हणाले, "हा अळ्या खाणारा आहे. तुम्ही तुमचाच राखणदार मारला."

तेव्हापासून या किड्यांविषयी मिळेल ते वाचत आलोय. वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. मी जी चूक केली, ती फार जुनी आहे. अडीचशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या पंडितांनीही या सगळ्या किड्यांना एकाच नावाखाली घातलं होतं. त्यांना ते वेगळे काढायला दीडशे-दोनशे वर्षं लागली. आपल्या शिवारात ते काम अजून व्हायचंय. म्हणून आज हा इतिहास लिहितोय.

आधी किड्याची ओळख

इंग्रजीत याला शिल्ड बग म्हणतात, म्हणजे ढालकिडा. वासामुळं स्टिंक बग असंही म्हणतात. पाठीच्या मधोमध एक त्रिकोण असतो, तीच ती ढाल. काही जातींत हा त्रिकोण वाढत वाढत सगळी पाठ झाकून टाकतो. मोगली एरंडावर बसणारे चकचकीत हिरवे-निळे किडे तुम्ही पाहिले असतील, ते त्यातलेच. त्यांना बघून पुष्कळ लोक भुंगेरा समजतात. पण भुंगेऱ्याला चावायचे जबडे असतात. याला सोंड असते, सुईसारखी. हा चावत नाही, चोखतो.

मादी पानाच्या खाली अंडी घालते, एकाला एक चिकटून, छोटे रांजण ओळीनं मांडून ठेवल्यासारखी. पुष्कळ जातींत एका घोळक्यात १४ किंवा २८ अंडी सापडतात, कारण मादीच्या पोटात अंडी तयार करणाऱ्या नळ्या दोन्ही बाजूंना सात-सात असतात. हिरव्या ढेकण्याच्या घोळक्यात मात्र ६०-७० किंवा त्याहून जास्तही अंडी असतात. पिल्लं बाहेर आली की पहिले काही दिवस अंड्यांच्या टरफलांभोवतीच गोळा होऊन बसतात. त्या अवस्थेत पिकाला त्यांचा त्रास नसतो. पाच वेळा कात टाकली की पंख फुटतात.

वास येतो तो पिल्लांच्या पाठीवरच्या ग्रंथींतून आणि मोठ्या किड्याच्या छातीखालच्या ग्रंथींतून. त्यातलं एक रसायन कोथिंबिरीच्या पानातही असतं. म्हणून ढेकण्या चिरडल्यावर हाताला उग्र कोथिंबिरीसारखा वास येतो. कोथिंबिरीचं इंग्रजी नाव ज्या ग्रीक शब्दावरून आलं, तो शब्दही ढेकणाच्या ग्रीक नावावरून पडला असं मानलं जातं. म्हणजे ही ओळख आपल्याआधी ग्रीकांच्या नाकाला झालेली होती!

१७५८ : सगळे एकाच पोत्यात

स्वीडनच्या कार्ल लिनिअसनं १७५८ साली आपल्या मोठ्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांना दोन शब्दांची नावं दिली. आजही शास्त्रीय नावांची मोजणी तिथूनच सुरू होते. त्यानं अंथरुणातल्या ढेकणाला नाव दिलं सायमेक्स लेक्ट्युलारिअस. आणि सोयाबीन, तूर, टोमॅटोवर येणाऱ्या आपल्या हिरव्या ढेकण्याला दिलं सायमेक्स विरिड्युलस. पहिला शब्द दोघांना एकच. खाटेतला ढेकूण आणि शेतातला ढालवाला यांना त्यानं एका घरात बसवलं.

आपल्या मराठीनं तरी वेगळं काय केलं? ढेकूण घरातला, ढेकण्या शेतातला. चपटं अंग, चोखायची सोंड आणि घाण वास, या तीन खुणा बघून आपल्या माणसांनी नाव ठेवलं. लिनिअसनंही जवळपास तसंच केलं. नाव ठेवताना चूक दोघांचीही नाही. चूक तेव्हा होते जेव्हा नावावरूनच स्वभाव ठरवला जातो.

लिनिअसचा शिष्य फॅब्रिशियस, हा डेन्मार्कचा. यानं किड्यांच्या तोंडाचे भाग बघून गट पाडायला सुरुवात केली. म्हणजे किडा दिसतो कसा यापेक्षा खातो कशानं, हे आधी बघायचं. आपल्या पावट्यावर झुंबड करून बसणारा बारका, गोल, हिरवट-तपकिरी ढेकण्या आहे ना, त्याचं शास्त्रीय वर्णन याच फॅब्रिशियसनं १७९८ साली केलं. तोही सुरुवातीला सायमेक्सच होता.

पुढं जर्मनीच्या एर्लांगेन गावात योहान फ्रीडरिश वोल्फ नावाच्या माणसानं फक्त या ढेकण्यांच्या रंगीत चित्रांचा ग्रंथ काढला. त्याचे भाग १८०० ते १८११ या काळात निघाले. १८११ साली त्यानं ज्या एका किड्याला नाव दिलं, तोच मी सोयाबीनमध्ये मारलेला काटेवाला. आज त्याचं नाव आहे इओकँथेकोना फर्सेलाटा. वोल्फनं चित्र काढलं, नाव दिलं. पण हा काय खातो, कुणाच्या कामाचा आहे, हे चित्रावरून कळत नाही. त्याला शेतात बसून बघावं लागतं.

मुंबई, लंडन, पुसा आणि पुणे

आपल्याकडं १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू झाली. वनखात्यातले, मिठाच्या-कस्टमच्या खात्यातले साहेब लोक फावल्या वेळात किडे, पक्षी, साप गोळा करायचे. त्या काळी हिंदुस्थानभरातून गोळा झालेले पुष्कळ नमुने टाचणीला टोचून लंडनला जायचे. तिथं विल्यम ल्यूकस डिस्टंट नावाचा माणूस होता. चामडं कमावण्याच्या धंद्यात काम करून पोट भरायचा आणि उरलेल्या वेळात किड्यांचा अभ्यास करायचा. त्यानं हिंदुस्थानातल्या सोंडवाल्या किड्यांवर मोठी ग्रंथमाला लिहिली. पहिला खंड १९०२ साली आला. त्यात आपले ढालवाले आहेत. सातवा खंड यायला १९१८ उजाडलं. आजही या किड्यांवर काम करणारे तो पहिला खंड उघडतातच.

पण डिस्टंटचा ग्रंथ म्हणजे जणू सातबारा. कोण कुठं सापडला, रंग काय, लांबी किती, हे सगळं तपशीलवार आहे. शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. हा माझ्या पिकाचं काय करतो?

तो प्रश्न सरकारी पातळीवर हाताळायला १९०३ साली हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय याची हिंदुस्थान सरकारचा कीटकशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली. त्याचं पुढचं ठाणं बिहारमधल्या पुसा इथली संस्था. १९०६ साली त्यानं पिकांवरच्या किडींचं पुस्तक काढलं आणि १९०९ साली हिंदुस्थानातल्या कीटकजीवनावर जाडजूड ग्रंथ. त्याच सुमारास, १९०७-०८ मध्ये, पुण्याचं कृषी महाविद्यालय उभं राहिलं. आमच्या वरव्यावरून पुणं काही लांब नाही. पण भोर हे पंतसचिवांचं संस्थान, १९४८ पर्यंत वेगळं राज्य. पुण्यातल्या ज्ञानाला आमच्या बांधापर्यंत यायला बराच वेळ लागला.

या लेफ्रॉयचा शेवट मात्र चटका लावणारा आहे. पुढं तो लंडनला प्राध्यापक झाला. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांवर औषध शोधलं, त्यातून एक कीडनाशक कंपनीही निघाली. १९२५ साली किडे मारायच्या विषारी वायूवर प्रयोग करत असताना तोच वायू लागून तो गेला. ज्यानं आपल्या देशातल्या किडींचं पहिलं मोठं पुस्तक लिहिलं, त्याला किडींच्या विषानंच नेलं. पंप पाठीला लावताना मला कधीकधी तो आठवतो.

भुकटीचे दिवस

स्वातंत्र्यानंतर डीडीटी आणि बीएचसी आलं. जुन्या माणसांना विचारा, बीएचसी दहा टक्के भुकटी कुणाच्या घरात नव्हती? भातावरच्या लोंबीतल्या ढेकण्याला पण तीच धुरळायची. (तो लोंबीतला ढेकण्या लांबुडका असतो. तो ढालवाल्यांच्या कुळातला नाही, पण नाव तेच!) फडक्यात बांधून, हातानं झटकून भुकटी मारलेली आहे लोकांनी. तोंडाला रुमालसुद्धा नसायचा.

त्या काळात लोकांना दोष देता येत नाही. धान्याची टंचाई होती, कीड दिसली की मरताना दिसायची, आणि सांगणारे पण तेच सांगत होते. पण त्या पन्नास वर्षांत आपल्या डोळ्यांची एक सवय गेली. आधी ओळखायचं आणि मग ठरवायचं, ही ती सवय. बीएचसीवर १९९७ साली बंदी आली. भुकटी गेली, सवय राहिली. नंतर बाटल्या आल्या, मग दोन औषधं एकत्र केलेल्या बाटल्या आल्या. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी पेपरात वाचलं. किडा चुकीचा ओळखला तर नुसता पैसा जातो असं नाही.

आता फवारणीनं नेमकं काय होतं ते बघा. अळीची अंडी पानाखाली केसांच्या आवरणात झाकलेली असतात, त्यांना औषध नीट पोचत नाही. मोठ्या अळ्या दिवसा मातीत, पाचोळ्यात लपतात. उघड्यावर फिरतो तो शिकारी किडा. म्हणजे पहिला मरतो राखणदार. चार-पाच दिवसांनी अंडी फुटतात आणि नवीन अळ्यांना रान मोकळं मिळतं. माझ्या सोयाबीनमध्ये हेच झालं होतं.

अंड्यातली माशी

राखणदार नुसते मोठे किडे नसतात. हिरव्या ढेकण्याच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालणारी एक बारीक काळी माशी आहे. इतकी बारीक की मोहरीच्या दाण्याहून लहान. नाव ट्रिसोल्कस बॅसालिस. आपल्या ट्रायकोकार्डवरची ट्रायकोग्रामा ज्या पद्धतीनं काम करते, तसंच हिचं काम. ढेकण्याच्या अंड्यातून ढेकण्याचं पिल्लू येण्याऐवजी माशी बाहेर येते.

ऑस्ट्रेलियात हिरवा ढेकण्या बाहेरून शिरला आणि भाजीपाल्याचं नुकसान करायला लागला. तेव्हा १९३३ साली ही माशी इजिप्तमधून तिथं नेऊन सोडली. ती रुजली आणि पुष्कळ भागात ढेकण्या आटोक्यात आला. पुढं ब्राझीलमधल्या सोयाबीन शेतकऱ्यांनीही ही माशी वाढवून शेतात सोडली.

पण बाहेरून मित्र आणणं हेही जपूनच करायचं काम आहे. हवाई बेटांवर हिरवा ढेकण्या १९६१ साली पोचला. त्याच्या बंदोबस्ताला पुढच्याच वर्षी ही माशी आणि ढेकण्याच्या अंगावर अंडी घालणारी दुसरी एक मोठी माशी आणली. त्या मोठ्या माशीनं हिरव्या ढेकण्याबरोबर तिथल्या कोआ झाडावर राहणाऱ्या एका देखण्या, निरुपद्रवी ढालकिड्यावरही अंडी घातली. तो किडा हवाईखेरीज जगात दुसरीकडं कुठं नाही. म्हणजे सगळे ढेकण्या एकच समजायची चूक कधीकधी शास्त्रज्ञांच्या हातूनही होते.

आपलं नशीब असं की अशा अंड्यातल्या माश्यांच्या कितीतरी जाती आपल्याकडं मुळातच आहेत. विकत आणायच्या नाहीत, फक्त मारायच्या नाहीत. ओळखायची खूण सांगतो. हिरव्या ढेकण्याची ताजी अंडी पिवळसर-पांढरी असतात, फुटायच्या आधी केशरी-गुलाबी होतात. अंडी काळपट पडली तर समजायचं की आत माशी वाढतेय. असं पान तोडून चिरडू नका, तसंच ठेवा.

पावट्यावरचा ढेकण्या अमेरिकेत

फॅब्रिशियसनं १७९८ मध्ये वर्णन केलेल्या पावट्यावरच्या ढेकण्याची पुढची कथा तर ऐकण्यासारखी आहे. आमच्याकडं हा वेलाच्या दांड्यावर रांगेनं बसतो. आजीच्या काळापासून बांधावरच्या पावट्यावर आहे. बायका वेल झटकून रॉकेल घातलेल्या पाण्यात पाडतात. त्रास देतो, पण त्यानं पावटा बुडाला असं आमच्याकडं कधी झालं नाही.

हाच किडा २००९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात सापडला. हजारोंच्या संख्येनं घरांच्या भिंतींवर चढला. आशियातून कसा गेला ते कुणी बघितलं नाही, पण त्याच्या जनुकांचा माग जपानकडं जातो. दोन-तीन वर्षांत आजूबाजूच्या राज्यांतल्या सोयाबीनला तो जड गेला. तिथं त्याचं खाणं होतं, पण त्याला खाणारं कुणी नव्हतं. मग २०१३ साली त्याच्या अंड्यांवर जगणारी आशियातली एक माशीही तिथं आढळली, कुणी न सोडता आपोआप पोचलेली. शिवाय ब्युव्हेरिया बुरशीनंही त्याला गाठलं. ही बुरशी आपण पण बाटलीत विकत घेतो. पुढच्या वर्षांत त्याची संख्या पुष्कळ खाली आली.

आता जपानच्या शास्त्रज्ञांनी २००७ साली छापलेला प्रयोग ऐका. या किड्याची मादी अंड्यांच्या ओळीखाली बारक्या तपकिरी पुड्या ठेवते. पुडीत तिच्या पोटातले जिवाणू असतात. पिल्लू जन्मल्यावर पहिलं काम करतं ते पुडी चोखायचं. आपल्याकडं बाळाला घुटी देतात, तशी ही आईची घुटी समजा. ती मिळाली नाही तर पिल्लं खुरटतात, मरतात. जपानात या किड्याचे दोन प्रकार आहेत. एक सोयाबीनवर पोसतो, दुसऱ्याचं सोयाबीनवर नीट जमत नाही. शास्त्रज्ञांनी दोघांच्या पुड्यांची अदलाबदल केली. तर पहिल्याची पुढची पिढी सोयाबीनवर रोडावली आणि दुसऱ्याची जोमात आली! म्हणजे तो किडा पिकाचा शत्रू ठरतो की नाही, हे किड्याइतकंच त्याच्या पोटातल्या जिवाणूंवर अवलंबून होतं.

मी हे वाचलं तेव्हा एक गोष्ट पटली. शत्रू, मित्र ही नावं आपण देतो. किड्याला ती माहीत नसतात.

एकाचा राखणदार, दुसऱ्याचा चोर

याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण देतो. माझ्या सोयाबीनमधला तो काटेवाला इओकँथेकोना. हा तंबाखूवरची पाने खाणारी अळी, घाटेअळी, केसाळ अळ्या यांच्या अंगात सोंड खुपसतो आणि आतलं सगळं चोखून घेतो. अळी त्याच्यापेक्षा मोठी असली तरी सोडत नाही. त्याची लालभडक-काळी पिल्लं घोळक्यानं शिकार करतात. २०१८ साली मक्यावर अमेरिकन लष्करी अळी देशात आली, तेव्हा तिच्यावरही हा शिकार करताना नोंदवला गेला. आपल्याला हा मित्र.

आता गडचिरोली, भंडाऱ्याकडं जा. तिथं ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाचे, म्हणजे कोशाचे किडे उघड्यावर पोसतात. टसरचा किडा म्हणजे शेवटी अळीच. हाच काटेवाला तिथं त्या अळ्या चोखतो. तिथल्या कोसा पिकवणाऱ्या माणसासाठी तो नुकसान करणारा, वेचून मारायचा किडा. किडा एकच. त्याचा स्वभावही एकच, अळी खायची. फरक कुणाची अळी एवढाच.

भातातही असा एक आहे, अँड्रॅलस स्पिनिडेन्स. यालाही खांद्यावर काटे असतात, अंगाच्या दोन्ही कडांना फिकट पट्टी असते. हा लष्करी अळी आणि पाने खाणाऱ्या इतर अळ्या मारतो. इराणमध्ये भातपट्ट्यात याच्यावर बरंच काम झालंय. आमच्या भोर-वेल्ह्याकडं इंद्रायणीच्या खाचरात काटेवाला ढेकण्या दिसला तर घाई करू नका, आधी नीट बघा.

जगात ढालवाल्यांच्या मुख्य कुळात सुमारे पाच हजार जाती आहेत आणि त्यातल्या जेमतेम तीनशे शिकारी. म्हणजे बहुतेक सगळे झाडांचा रसच चोखतात. मी काही सगळ्यांची वकिली करत नाही. हिरवा ढेकण्या शेंगा भरताना आला तर दाणे पोचट होतात, डाग पडतात, हे खरंच आहे. मोहरी-मुळ्यावर येणारा रंगीत ढेकण्या रोपं वाळवतो, हेही खरं. पण रस चोखणाऱ्यांतलेही पुष्कळ रानातल्या झाडांवर, तणांवर जगतात आणि आपल्या पिकाकडं फिरकत नाहीत. कोतवाल, कोळी, बेडूक, प्रार्थनाकीटक यांचं ते खाणं असतं. त्यांच्या अंड्यांवर माश्यांच्या पिढ्या वाढतात, आणि त्याच माश्या पुढं पिकावरच्या ढेकण्याच्या अंड्यांवर येतात. बांध सगळा जाळून, तणनाशक मारून चकाचक केला की माश्यांचं हे घर जातं.

२००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून आपल्या राज्यात क्रॉपसॅप सुरू झालं. शेतात जायचं, कीड मोजायची, नुकसानीच्या पातळीच्या वर असेल तरच फवारणीचा सल्ला द्यायचा. लिनिअसपासून निघालेली गोष्ट इथवर येते. आधी नाव, मग गट, मग खाणं, आणि शेवटी मोजणी. शेवटच्या दोन पायऱ्या आपल्यालाच आपल्या शेतात चढायच्या आहेत.

मी आता काय करतो

१. ढेकण्या दिसला की उलटा करून सोंड बघतो. सोंड बारीक, दोऱ्यासारखी आणि पोटाशी घट्ट चिकटलेली असेल तर तो रस चोखणारा. जाड, दणकट आणि पुढं काढता येणारी असेल तर शिकारी. फॅब्रिशियसनं सांगितलेलीच युक्ती, तोंड बघा. मोबाईलचा कॅमेरा मोठा करून बघितलं तरी दिसतं.

२. खांद्यावर काटा आहे का बघतो. पण नुसत्या काट्यावर विश्वास ठेवत नाही, कारण काही रस चोखणाऱ्यांनाही काटे असतात. सोंड आणि काटा दोन्ही जुळले तरच शिकारी समजतो. सोंडेच्या टोकाला अळी लटकलेली दिसली तर मग प्रश्नच मिटला.

३. अंडी बघतो. हिरव्या ढेकण्याची अंडी काळपट असतील तर हात लावत नाही. काठावर बारीक केसांची झालर असलेली, तपकिरी चकचकीत अंडी असतील तर ती काटेवाल्या शिकाऱ्याची असू शकतात, तीही सोडतो.

४. सकाळी लवकर, दव असताना, पाच-सहा ठिकाणी मोजतो. थंडाव्यात ढेकण्या सुस्त असतो. थोडे असतील तर साबणाच्या पाण्यात झटकून टाकतो. जास्त असतील तर फोटो काढून कृषी सहायकांना पाठवतो आणि मगच ठरवतो.

यानं फवारणी शून्यावर आली असं म्हणणार नाही. गेल्या खरिपात सोयाबीनला एक करावी लागली, शेंगा भरताना हिरवा ढेकण्या खरंच जास्त होता. पण तीनाची एक झाली, आणि ती एकही कुणासाठी करतोय ते माहीत होतं.

त्या वर्षी काडेपेटीत घालून नेलेला तो काटेवाला बरेच दिवस घरात पडून होता. धाकटीनं एकदा उघडून विचारलं, "बाबा, हा कुठला किडा?" तेव्हा मी ढेकण्या म्हणून मोकळा झालो होतो. आता परवा सोयाबीनमध्ये तिनंच एक जिवंत दाखवला, सोंडेला अळी अडकवून पानावर चाललेला. म्हणाली, "हा आपला." मी म्हटलं, हो, राहू दे त्याला.

तुमच्याकडं या काटेवाल्याला, पावट्यावरच्या बारक्याला, हिरव्याला वेगवेगळी नावं असतील तर गावाच्या नावासकट नक्की लिहा. वेल्ह्याकडच्या, मावळातल्या, कोकणातल्या जुन्या माणसांना विचारून लिहा. सगळ्यांना एकच नाव असल्यानं आपलं फार नुकसान झालंय. जुनी वेगळी नावं कुठं शिल्लक असतील तर ती वापरात आणूया.

शिवारात भेटू. राम राम.